सहीखालची दोन टिंबं

साडेतीन मुहूर्तांपैकी एका मुहूर्तावर, भर दुपारी, इंग्लंडातल्या रीडिंग गावी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी सव्वीस खोट्या सह्या केल्या. दसऱ्याला माणसं गाडी घेतात, घराची बोलणी करतात, निदान श्रीखंड तरी खातात. मी अमेरिकेतल्या सव्वीस बेसबॉलपटूंच्या सह्या केल्या, आणि त्याही ऑफिसची मीटिंग चालू असताना, कॅमेरा बंद ठेवून. मधेच कुणीतरी माझं मत विचारलं. मी म्यूट काढून "गुड पॉइंट" म्हणालो आणि पुढच्या सहीला लागलो.

हे आता हसत लिहितोय, पण मला ओळखणारे सांगतील की मी मुळात अपराधीपणाने वाकलेला माणूस आहे. सुपरमार्केटातलं सेल्फ-चेकआउटचं मशीन माझ्यावर ओरडलं की मी त्याला सॉरी म्हणतो. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणायचं राहिलं तर संध्याकाळपर्यंत ते मला टोचत राहतं. कुणी माझ्या पायावर पाय दिला तर माफी मीच मागतो. या देशात मी इतका छान रुजलो त्याचं कारणही बहुधा हेच असावं. असा माणूस खोट्या सह्या करायला बसला, तर तिथवर तो कसा पोचला हे सांगायला हवं.

आमची लेक बारा वर्षांची. जन्म इथलाच. तिला बॅडमिंटनला घातलं, तिथून ती पळाली. क्रिकेटला घातलं, तर म्हणाली, "बाबा, मला तिथे झोप येतो." हे ऐकून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. मग एका शनिवारी ती वर्गातल्या मैत्रिणीबरोबर कौन्सिलच्या पार्कात गेली आणि गुडघे हिरवे करून, घसा बसवून परत आली. त्या दिवसापासून आमच्या घरात बेसबॉल आला. शेजाऱ्यांना तो राउंडर्स या त्यांच्या शाळेतल्या खेळासारखा वाटतो. मला तो क्रिकेटचा दूरच्या नात्यातला भाऊ वाटायचा. लग्नाला बोलवावा, पण मुक्कामाला ठेवू नये असा.

क्लब म्हणजे पार्काच्या कोपऱ्यात तारेचं उंच कुंपण, चार बेस आणि कुत्री फिरवायला येणाऱ्या लोकांशी केलेला तह. कोचबाई पोस्टात कामाला आहेत. सकाळी घरोघरी पत्रं टाकतात आणि दुपारी मैदानावर येऊन मुलांवर ओरडतात. लेकीची ती मैत्रीण संघाची कॅचर. कॅचर म्हणजे विकेटकीपर समजा, फक्त मागे विकेट नसते आणि कीपर कायम उकिडवा बसलेला असतो, तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून. या मुलीला अमेरिकेतल्या खेळाडूंची नावं आमच्या पिढीला रणजीचे संघ पाठ असायचे तशी पाठ. शाळेत जायच्या आधी सीरियल खाता खाता ती सामन्यांच्या क्लिप्स बघते आणि मी दोघींना प्रॅक्टिसला सोडायला निघालो की गाडीत मला त्या सगळ्या पुन्हा सांगते.

दोन वर्षं मी क्लबसाठी काहीच केलं नव्हतं. बाकीचे पालक जाळ्या शिवायचे, संत्री कापून आणायचे, चुन्याच्या रेघा मारायचे. मी गाडीत बसून लॅपटॉप उघडायचो. त्याचं ओझं साचत गेलं. म्हणून आमच्या कंपनीने एकदा ईमेल पाठवून विचारलं की आपण आसपासच्या कुठल्या संस्थेला आधार द्यावा, तेव्हा मी या क्लबबद्दल दोन पानं लिहून पाठवली. इतकी कळवळून लिहिली की बायको वाचून म्हणाली, "अरे, ही मुलं बेसबॉल खेळतात की अनाथाश्रमात राहतात?"

कंपनी हो म्हणाली. मला वाटलं होतं फार तर दोन डझन टी-शर्ट मिळतील. पण आमच्या डायरेक्टरबाई लहानपणी राउंडर्स खेळत होत्या म्हणे. त्यांनी नवी जाळी दिली, संघाचे शर्ट दिले, आणि ऑफिसातल्या लोकांना एक दिवस पगारी सुट्टी देऊन कुंपण रंगवायला पाठवलं.

त्या दिवसाची आठवण झाली की मला अजून हसू आवरत नाही. आम्ही चौदा जण होतो. त्यातले नऊ पुणे, मुंबई, नागपूर, हैदराबाद इकडचे. कुंपण रंगवून झाल्यावर कोच म्हणाल्या, आता पोरांशी एक सामना होऊन जाऊ दे. आमचा टेस्टिंगमधला एक सहकारी पहिला बॅटिंगला गेला. त्याने बॉल असा मारला की तो थेट कुत्रीवाल्यांच्या हद्दीत. तो पळत सुटला, हातात बॅट घट्ट धरून. सगळी पोरं किंचाळत होती, "बॅट टाका! बॅट टाका!" बेसबॉलमध्ये बॉल मारला की बॅट तिथेच टाकायची आणि रिकाम्या हाताने पळायचं. पण आमच्यातल्या कुणीही जन्मात बॅट टाकून धाव काढलेली नव्हती. तो पहिल्या बेसपाशी पोचला, लांबून आडवा झाला आणि त्याने बॅटचं टोक बेसला टेकवलं, क्रीझमध्ये टेकवतात तसं. मग उठून अंपायरकडे अशा खात्रीने पाहिलं की कोच खालीच बसल्या. पुढचे तीन जणही बॅट घेऊनच पळाले. मीही.

नंतर तर कमालच झाली. अमेरिकेतला एक व्यावसायिक संघ बाहेरदेशांतल्या मुलांच्या क्लबांना सामान पाठवतो. डायरेक्टरबाईंनी त्यांना पत्र टाकलं आणि सप्टेंबरात भलंमोठं खोकं आलं. हेल्मेटं, ग्लव्ह्ज, बॅटी, दोन डझन नवेकोरे बॉल. आणि काचेसारख्या प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीत एक बॉल वेगळा, त्यावर संघातल्या सगळ्या खेळाडूंच्या सह्या. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की हा बॉल वर्षातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला द्यावा, आणि तो द्यायला त्यांचा एक निवृत्त पिचर, म्हणजे बॉलर, स्वतः येईल.

क्लबची शेड गळकी, म्हणून सगळं सामान माझ्या गराजमध्ये आलं. कंपनीच्या न्यूजलेटरमध्ये माझा फोटो छापून आला, हातात तो बॉल, खाली शब्द होते, 'आमचा कस्टोडियन'. मी तो फोटो पुण्याला आईला पाठवला. तिने विचारलं, कस्टोडियन म्हणजे काय? मी म्हणालो, राखणदार.

ते बक्षीस कुणाला द्यायचं हे कोचनी मला आधीच सांगितलं होतं, कारण डबीवर चिकटवायची पट्टी मलाच छापून आणायची होती. लेकीच्या मैत्रिणीला, त्या कॅचरला. तिला स्वतःला माहीत नव्हतं. पण खोकं आलं त्या दिवशी तिने डबी नाकाशी धरून एकेक नाव मोठ्याने वाचलं होतं, आणि परत ठेवताना दोन्ही हातांनी, अंडं ठेवावं तशी ठेवली होती.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो. मी दर वर्षी लॅपटॉपला हळदकुंकू लावतो, एका कोपऱ्यात, कीबोर्डपासून लांब. या वर्षी गराजमध्ये वीस हेल्मेटं, ग्लव्ह्ज आणि बॅटी असताना नुसत्या लॅपटॉपची पूजा करणं मला कोतेपणाचं वाटलं. मी सगळं सतरंजीवर मांडलं. सुपरमार्केटातून शेवंती आणली. प्रत्येक बॅटला बोट लावलं, प्रत्येक हेल्मेटवर फूल ठेवलं. मन इतकं भरून आलं होतं की काय सांगू. शेवटी तो सह्यांचा बॉल. डबीच्या झाकणावर कुंकू लावायचं? देवाऐवजी देव्हाऱ्याच्या दाराला गंध लावण्यासारखंच ते. मी बॉल बाहेर काढला.

बोट जरा जास्तच ओलं होतं. कुंकू टेकवलं आणि ते चामड्यावरून ओघळलं, बॉलच्या लाल शिवणीला जाऊन मिळालं. मी घाबरून रुमालाने पुसलं, तर ते पसरलं. तेव्हाच थांबलो असतो तर एक डाग पडला असता, इतकंच. पण गराजच्या फळीवर कोविडच्या काळातला हँड सॅनिटायझर होता. तो मी घेतला. कुंकू निघेना. सह्या मात्र निघाल्या. सॅनिटायझरपुढे बॉलपेनची शाई टिकत नाही, हे त्या क्षणी मला कळलं. निळे ओघळ माझ्या मनगटापर्यंत आले. थांबलो तेव्हा बॉल गुलाबी झाला होता आणि त्यावर सात नावं उरली होती.

"काय करून राहिला तू?" बायको दारात उभी होती. ती नागपूरची. घाबरली की तिची भाषा माहेरी जाते.

मी बॉल दाखवला.

"बापा रे," ती म्हणाली. मग, "कोचला सांगून टाक. आत्ता. फोन कर."

"उद्या करतो."

"तुझा उद्या मला माहीत आहे. गटार साफ करायचा उद्या मागच्या मार्चपासून चालू आहे."

मला खरंच सांगायचं होतं. पण रात्रभर त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे येत राहिला, आणि सकाळी डोक्यात एक विचार आला जो मला चक्क चांगुलपणाचा वाटला. तिला वाईट वाटता कामा नये. बॉल तर खोक्यात दोन डझन आहेत, अगदी तसेच. सह्यांचा फोटो मी न्यूजलेटरसाठी चारही बाजूंनी काढून ठेवला होता. खोटेपणाची पहिली पायरी चढताना माणसाला आपण दुसऱ्याचं भलं करतोय असंच वाटत असावं.

पुढचं सांगितलंच आहे. दहाव्या सहीनंतर मला मजा यायला लागली, हेही कबूल करतो. काय एकेक सह्या! एकाचं नाव म्हणजे नुसती लाट, दुसऱ्याचं म्हणजे पडलेली शिडी. सव्विसावी झाली तेव्हा मीटिंगही संपली. संध्याकाळी आम्ही ओळखीच्या मराठी घरांत जाऊन एकमेकांना सोनं दिलं. "सोन्यासारखे राहा," सगळे मला म्हणत होते. मी प्रत्येकाला सॉरी म्हणता म्हणता थँक यू म्हणालो.

रविवारी सकाळी क्लबचा बक्षीस समारंभ. आकाश स्वच्छ, गवत ओलं. बायको माझ्याशी मोजकं बोलत होती. निघताना तिने गुलाबी झालेला खरा बॉल स्वच्छ रुमालात बांधून आपल्या पर्समध्ये ठेवला. म्हणाली, "तू सांगशील तेव्हा लागेल. नाही सांगितलंस तर मी सांगीन."

पाहुणा, तो निवृत्त पिचर, आला. दारातून वाकून आत यावं लागेल असा उंच, साठीचा, सूर्यफुलाच्या बिया चघळत टरफलं कागदी कपात टाकणारा. त्याने मुलांना बॉल कसा धरायचा ते दाखवलं, डायरेक्टरबाईंना एक बॉल मारायला लावला, आणि बाईंनी तो मारलाही. मुलं नुसती उधळली होती. टेबलावर सँडविचं, सामोसे, कपकेक. मी कपकेकची रांग पुन्हा पुन्हा सरळ करत होतो.

मग कोचनी नाव पुकारलं आणि ती मुलगी मुखवटा डोक्यावर सरकवून पुढे आली. पाहुण्याने डबी तिच्या हातात ठेवली. तिने आधी डबी छातीशी धरली, मग कोचना दाखवली, मग धावत माझ्या लेकीकडे आली. दोघी डोक्याला डोकं लावून पाहायला लागल्या. मी चार पावलांवर होतो.

लेक सुरुवातीला हसत होती. मग तिने डबी फिरवली. परत फिरवली. कपाळावर आठी आली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ती डबी घेऊन माझ्यापाशी आली. हळू आवाजात, मराठीत, कारण इथे आमची मराठी म्हणजे घरातली गुप्त भाषा, ती म्हणाली,

"बाबा, हा तुझा सही आहे."

"'हा तुझा' नाही गं," मी सवयीने म्हणालो, "'ही तुझी'. ही तुझी सही आहे."

"म्हणजे आहे!"

तिने डबी माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"बघ ना," ती म्हणाली. "सगळ्यांच्या खाली लाइन आहे. आणि दोन डॉट. असा कोण करतो? फक्त तू करतो. माझ्या सगळ्या फॉर्मवर तू असाच करतो."

मी पाहिलं. खरंच. सव्वीसच्या सव्वीस सह्यांखाली एक झोकदार रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. बावन्न टिंबं! सातवीत असताना वडिलांनी मला सही करायला शिकवली होती. सहीखाली रेघ ओढायची, म्हणजे सही भक्कम उभी राहते, आणि दोन टिंबं द्यायची, म्हणजे कुणाला पुढे काही घुसडता येत नाही. आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची सही अशीच असेल. चाळीस वर्षं हात ते आपोआप करत आलाय. फोटोवर डोळे लावून मी एकेक वळण गिरवलं, आणि प्रत्येक सही पूर्ण झाली की हाताने, मला न विचारता, टक टक करून टाकलं. नक्कल होऊ नये म्हणून शिकवलेली टिंबं मी नकलेवरच दिली होती. अमेरिकेतला अख्खा संघ सदाशिव पेठेतल्या शाळेत शिकल्यासारखा दिसत होता.

मला हसू फुटणार होतं. इतक्यात मैत्रीण डबी परत घ्यायला आलीच. "काय झालं? काय म्हणतेयस तू?" तिने विचारलं.

माझ्या लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती मैत्रिणीकडे वळली, तोंडभर हसली आणि म्हणाली, "काही नाही. बाबा म्हणतायत, तुलाच मिळायला हवा होता."

इतकं सफाईने. डोळ्याची पापणीही न लववता. मी तिला खोटं बोलताना पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ती माझ्यासाठी बोलली होती. तो बॉल खोटा निघाला असता तर फार तर माझी फजिती झाली असती. पण आता त्या दोघींमध्ये, आयुष्यभराच्या मैत्रीत, मी एक चौकोनी डबी ठेवून देणार होतो, आणि ती डबी सांभाळायची होती माझ्या लेकीने.

"ती खोटं बोलतेय," मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा फारच मोठा निघाला. कपकेककडे हात गेलेली मुलं थांबली. "म्हणजे, ती नाही. मी. मी खोटं बोललोय. त्या सह्या माझ्या आहेत."

कुणाला काही कळेना. पाहुणा म्हणाला, "सॉरी?" आणि मीही सॉरी म्हणालो. मग मी सगळं सांगितलं. खंडेनवमी म्हणजे काय इथपासून. त्यात लॅपटॉपला कुंकू का लावतात ते सांगावं लागलं, आणि हळद म्हणजे करीत घालतात तीच का, या कोचच्या प्रश्नाला हो म्हणावं लागलं. सॅनिटायझरपर्यंत आलो तेव्हा डायरेक्टरबाईंनी तोंडावर हात ठेवला. मीटिंगमध्ये बसून सह्या केल्या म्हणालो तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठली मीटिंग?"

"गुरुवारची. तिमाही आढाव्याची."

"मी होते त्यात! तुम्ही 'गुड पॉइंट' म्हणालात. मी ते मिनिट्समध्ये घेतलंय."

बायकोने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. गुलाबी, निळसर, डागाळलेला बॉल. कॅचर मुलीने तो हातात घेतला. मी तिच्यासमोर उभा राहिलो.

"तुम्ही मला खोटा देणार होतात?" तिने विचारलं.

"हो."

"कायमचा?"

"हो. मला माफ कर."

ती रडेल असं वाटलं होतं. पण ती चिडली, आणि ते मला बरं वाटलं. "तुम्ही शॉर्टस्टॉपला पुसलंत!" ती बॉल फिरवत म्हणाली. "सगळ्यांत बेस्ट तोच आहे! आणि हा राखीव खेळाडू, जो कधी खेळतच नाही, तो राहिला!"

तेव्हा पाहुणा हसायला लागला. इतका हसला की बी घशात अडकली आणि कोचना त्याच्या पाठीत रट्टे घालावे लागले. श्वास आल्यावर त्याने मला विचारलं, "बॅटींनाही लावलंत ते लाल?"

"सगळ्या."

"आणि जिंकतात लोक त्याने?"

मी म्हणालो, तसा दावा कुणी करत नाही. तो म्हणाला, "आम्ही जिंकत होतो तेव्हा मी तीन आठवडे मोजे धुतले नव्हते. बसमध्ये शेवटच्या सीटवर एकटा बसायचो. तुमचं त्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे." मग तो त्या मुलीकडे वळला. एक तर तो नवा बॉल सह्या घेऊन पाठवील, नाहीतर हाच परत नेऊन राहिलेल्या सगळ्यांकडून पुन्हा सह्या घेईल. तिने ठरवायचं.

तिने बराच विचार केला. "हाच," ती म्हणाली. "पण परत आला की थेट माझ्या घरी पाठवा. यांच्याकडे नको."

सगळे हसले. डायरेक्टरबाईही हसल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी सामान आणखी येईल, कस्टोडियन मात्र दुसरा बघू या. लेक माझ्या बाजूला येऊन उभी होती. मी तिला म्हणालो, "तू माझ्यासाठी खोटं बोलायला नको होतंस." ती म्हणाली, "तू मला बोलायला लावलास," आणि या वेळी मी व्याकरण दुरुस्त केलं नाही. मग ती स्वतःच मैत्रिणीपाशी गेली आणि तिला सॉरी म्हणाली. मैत्रिणीने तिच्या खांद्यावर एक गुद्दा मारला, दोघींच्या हिशेबाने बहुधा तेवढा पुरला.

पण कोच सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "आमच्याकडे अंपायरशी खोटं बोललं की काय करतात?" त्यांनी मुलांना विचारलं.

"पाच चकरा!" सगळी ओरडली.

चारही बेसना शिवत पूर्ण चक्कर, पाच वेळा. मी ब्लेझर काढून बायकोकडे दिला. ती म्हणाली, "गुडघा सांभाळ," पण तिचे डोळे चमकत होते. मी पळत सुटलो. पहिल्या चकरेला टाळ्या होत्या, दुसरीला मोजणी, तिसरीला कुणीतरी सामोसा पुढे केला, चौथीला दोन कुत्री माझ्याबरोबर पळायला लागली. मला धाप लागली होती, शर्ट बाहेर आला होता, आणि छातीवरून इतकं काही उतरलं होतं की मी पळता पळता वेड्यासारखा हसत होतो.

पाचव्या चकरेला तिसऱ्या बेसवरून वळलो आणि पाहतो तर होम प्लेटपाशी, म्हणजे जिथे चक्कर पूर्ण होते त्या पांढऱ्या फळीपाशी, कॅचर मुलगी मुखवटा खाली ओढून उकिडवी बसलेली. हातात माझा तो बावन्न टिंबांचा बॉल. तिथे पोचायच्या आधी तिने बॉल अंगाला लावला तर मी आउट. पाहुणा अंपायर होऊन तिच्या मागे वाकला होता.

"घसर, बाबा! घसर!" लेक कुंपणाला लटकून ओरडत होती.

मी आडवा झालो. चुना, गवत, माती सगळं एकदम तोंडात. तिचा हात माझ्यावरून गेला, माझा पाय फळीला लागला. पाहुण्याने दोन्ही हात पसरले. "सेफ!"

"नाही!" ती किंचाळली. "शर्टला लागला! मला कळलं, लागला!"

"मला नाही दिसलं," पाहुणा म्हणाला.

एकच गलका झाला. निम्मी पोरं सेफ म्हणत होती, निम्मी आउट. मी पाठीवर पडून आकाशाकडे बघत होतो. शर्टाचं टोक, उजव्या बाजूचं, हललं होतं. अगदी पुसटसं.

"लागला," मी म्हणालो.

गलका थांबला. पाहुण्याने वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं. "परत बोला?"

"शर्टला लागला. आधी लागला, मग पाय पोचला. मी आउट आहे."

"उभ्या आयुष्यात," तो इतर सगळ्यांकडे वळून म्हणाला, "मी हे एकदाही ऐकलेलं नाही. एकदाही!" आणि त्याने मूठ आवळून हात हवेत असा फिरवला की त्याची टोपी उडाली. "आउट!"

त्या मुलीने मुखवटा भिरकावला आणि माझ्याभोवती नाचायला लागली. माझी लेकही कुंपणावरून उडी टाकून आली आणि, बाप जमिनीवर पडलेला असताना, मैत्रिणीच्या गळ्यात गळा घालून, माझ्या आउट होण्यावर तिच्याइतकीच जोरात नाचली.